डोक्याच्या वजनाचा गूळ

सुदाम मिस्त्रींना कुणाचंही हेल्मेट दिसलं की ते आधी त्यावर बोटाच्या पेरानं टकटक करायचे. बाजारात कलिंगड घेताना करतात तशी. मालक शेजारी उभा असो की हेल्मेट त्याच्या डोक्यातच असो, यांना फरक पडायचा नाही. एकदा आमच्या दवाखान्याच्या दारात त्यांनी एका फौजदाराच्या डोक्यावर अशी टकटक केली. फौजदार वळून म्हणाला, "काय पावणं, आत कोण हाय का बघताय?"

मिस्त्री म्हणाले, "व्हय. हाय तवर बघून घ्यावं म्हटलं."

सुदाम कांबळे कोल्हापूरच्या उद्यमनगरात टर्नर होते, कारखाना छोटा पण स्वतःचा. दिवसभर लेथवर पंपाचे शाफ्ट काढायचे. किडकिडीत अंग, नखांत कायमचं बसलेलं ऑइल, कानावर पेन्सिल. खिशात एक सुतळी असायची, तिला गाठी मारलेल्या. नवा माणूस भेटला की "जयभीम" झाल्यावर दुसरं वाक्य ठरलेलं : "डोकं जरा इकडं करा." सुतळी डोक्याभोवती फिरवायची, गाठ बघायची आणि मान हलवायची. माझ्या लग्नात सासऱ्यांनीही माझं इतकं बारीक निरीक्षण केलं नव्हतं. 'अपघात' हा शब्द ते वापरत नसत. 'आपट' म्हणत. "कितीची आपट हुती?" असं विचारायचे, जसं काही ती किलोवर मिळते.

आता माझ्याबद्दल थोडं सांगते, नाइलाजानं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हायवेलगतच्या एका दवाखान्यात मी कॅज्युअल्टीची सिस्टर होते. अपघातात सापडलेला, साप चावलेला, औषध प्यालेला, सगळे आधी आमच्या खोलीत यायचे. वय तेहतीस, टोपीला चार पिना, ॲप्रनला अशी खळ की मी बसले की कागद चुरगाळल्यासारखा आवाज यायचा. आणि तोरा विचारू नका. दारातूनच बघून मी निकाल द्यायची : हा ॲडमिट, हा ड्रेसिंग, हा नुसताच आरडाओरडा. वॉर्डात कामाला असलेले मामा-मावश्या मला पाठीमागे 'एक्सरे बाई' म्हणत. मला ते कौतुक वाटायचं. आज त्या बाईला गाठता आलं तर तिच्या चारही पिना काढून घेईन.

अशोक हा मिस्त्रींचा धाकटा भाऊ. एका दुपारी कागलकडून येताना उसाची बैलगाडी चुकवायला गेला आणि मोटारसायकलवरून पडला. आमच्याकडे आला तो स्वतःच्या पायांनी. कोपर सोललेलं, शर्ट फाटलेला, बाकी काही नाही.

"सिस्टर, च्या मिळंल का?"

"हॉटेल वाटलं का हे?" मी म्हटलं. तो हसला, मीही हसले. कोपर धुतलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. डॉक्टरांनी लांबूनच विचारलं, "उलटी? बेशुद्ध झाला होता?" मी म्हटलं, "नाही." खरं म्हणजे मी विचारलंच नव्हतं. चहा मागणाऱ्या माणसाला काय विचारायचं?

संध्याकाळी अशोक जेवायला बसला आणि ताटावरच कलंडला. परत आणला तोवर उशीर झाला होता. कवटीच्या आत रक्त हळूहळू साठत गेलं होतं. अशी माणसं पहिले काही तास अगदी शहाण्यासारखी बोलतात, चालतात, थट्टा करतात. हे पुस्तकात होतं. मी पाठ केलं होतं. परीक्षेत त्याचे मार्कही मिळवले होते.

तीन आठवड्यांनी मिस्त्री आले आणि त्यांनी माझ्या टेबलावर अशोकचं हेल्मेट उपडं ठेवलं.

"सिस्टर, ह्ये वाचा."

मी उत्तर तयारच ठेवलं होतं, डॉक्टरांना भेटा म्हणून. पण वाचा म्हटल्यावर माझी गाडी अडली. हेल्मेटला बाहेरून एक ओरखडा होता. आत, उजव्या कानाच्या वर, थर्माकोल चेपून पापडासारखा झाला होता.

"गाडी सोडवाय ठाण्यात गेलतो. तितं आरशाला अडकिवल्यालं घावलं," मिस्त्री म्हणाले. "कुठं आपटलं, किती आपटलं, समदं ह्यात लिवलंय. तुमी माझ्या भावाला इचारलंसा, त्यो म्हणला बरा हाय. ह्याला कुणी इचारलंच न्हाय."

त्यांनी मला शिवी दिली नाही. दिली असती तर मी दोन दिवस रडून मोकळी झाले असते. त्याऐवजी ते म्हणाले, "बोलतोय म्हंजे बरा हाय असं नसतंय, ह्ये मला आता कळलं. मग बरा हाय का न्हाय ह्ये सांगंल असं कायतरी ह्यात बसवाय पायजे. डोक्याचं वजन किती असतंय?"

"पाच किलोच्या आत-बाहेर," मी म्हटलं. तेवढं तरी येत होतं मला.

पाच किलो म्हटल्यावर कोल्हापूरच्या माणसाच्या डोळ्यासमोर काय येणार? गुळाचा रवा, म्हणजे अख्खी ढेप. मिस्त्रींनी डोक्याच्या आकाराचा लाकडी साचा केला आणि ते गुऱ्हाळावर गेले. गुऱ्हाळवाल्यानं साचा फिरवून फिरवून बघितला आणि भक्तिभावानं विचारलं, "द्येव कुठला म्हणायचा ह्यो?"

"द्येव न्हाय. दुचाकीवाला हाय."

मग दर रविवारी आमच्या दवाखान्याच्या मागच्या पाण्याच्या टाकीवर मिस्त्री चढायचे. हेल्मेटात गुळाचं डोकं, पट्टा घट्ट बांधलेला. खाली फरशीवर मी वही घेऊन उभी. एक पायरी, तीन पायऱ्या, सात पायऱ्या. वरून हाळी यायची, "सोडतोऽ!" आणि धप्प. मी पट्टा सोडून तडा कुठून कुठं गेला ते लिहायची आणि गंभीर चेहऱ्यानं सांगायची, "हा ॲडमिट. हा घरी." फुटलेली डोकी वॉर्डात वाटली जायची. मावशी तर विचारायच्या, "आज कुणी मेलं न्हाय व्हय? भाकरीसंगट खायाला कायच न्हाय."

पण गूळसुद्धा मिस्त्रींचं ऐकेना. ताजा गूळ फुटायचा नाही, नुसता बसायचा. जुना असला की हात लावताच तुकडे. मुंग्या हेल्मेटात संसार थाटायच्या ते वेगळंच. मिस्त्री टाकीवर उकिडवे बसून चिडायचे, "मानसाचं डोकं बारमाही सारखं ऱ्हातंय. ह्या गुळाचं तसं न्हाय!"

तरी दोन वर्षांत त्यांनी वस्तू बनवली. हेल्मेटच्या मागच्या बाजूला तीन छोट्या वाट्या, प्रत्येकीत स्प्रिंगनं दाबलेली एकेक गोळी. हलका दणका बसला तर पांढरी गोळी खालच्या खिडकीत पडायची, मध्यम बसला तर पिवळी, आणि डोकं तपासल्याशिवाय माणसाला सोडू नये असा बसला तर लाल. बॅटरी नाही, वायर नाही. मिस्त्री तिला 'सेन्सर' म्हणायचे.

आणि मी काय केलं? हसले. हेल्मेट हलवून बघितलं, आतून खुळखुळ आवाज आला, आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "मिस्त्री, हे सेन्सर आहे का बैलाच्या गळ्यातलं घुंगरू? जग कुठं गेलं! गोळ्या काय मोजताय? लाइट लावा की, लाइट!"

लेथसुद्धा चालू करता येत नसलेली बाई टर्नरला शिकवत होती. आणि तो बिचारा ऐकत होता.

मिस्त्रींनी लाइटचं मनावर घेतलं. इंजिनिअरिंग कॉलेजातल्या एका प्राध्यापकांच्या मागे लागून, पन्नाशीच्या जवळ आलेला हा माणूस पोरांच्या बाकावर जाऊन बसला. भंगारातल्या एका मोटारीतून त्यांनी नखाएवढा तुकडा काढून आणला. मोटार धडकली की आतली हवेची पिशवी फुगवायची का नाही ते तो तुकडा ठरवतो म्हणे. दणका किती जोराचा, हे त्याला कळतं. त्याला त्यांनी बॅटरी जोडली आणि दोन दिवे. सगळं ठीक असेल तर हिरवा. जोराची आपट बसली की लाल, आणि तो लालच राहणार. या सगळ्याला सात-आठ वर्षं गेली. दोन हजार साल उलटून गेलं होतं.

आता हे घालणार कोण? आमच्या गावात हेल्मेटची सक्ती आली की दुसऱ्या दिवशी मोर्चा. एका मोर्चात तर गाढवालाच हेल्मेट घातलं होतं. लोक हसत होते. मिस्त्री गर्दीतून गाढवाजवळ गेले आणि वाकून त्याचा पट्टा नीट बांधून आले. मोठमोठ्या हेल्मेट कंपन्यांना त्यांनी पत्रं लिहिली, मी ती शुद्ध करून दिली. उत्तर नाही. एका साहेबांनी भेट दिली आणि म्हणाले, "आधी लोकांना घालू तर द्या, मग दिवे लावा." मिस्त्री बाहेर येऊन म्हणाले, "लोक म्हणत्यात दिवं न्हाईत म्हणून घालत न्हाय. साहेब म्हणतोय घालत न्हाईत म्हणून दिवं नगंत. मी मधी हुबा."

शेवटी त्यांनी कळंब्याच्या बाजूनं शहरात दूध आणणारे पाच दूधवाले पटवले. दोन्ही बाजूंना कॅन लावून भल्या पहाटे मोटारसायकली हाकणारी माणसं. पाचातल्या तिघांनी हेल्मेट कॅनला अडकवलं. चौथ्याच्या बायकोनं त्यात लसूण ठेवला. त्यांतलाच एकजण दुपारी घाबराघुबरा होऊन हेल्मेट घेऊन आला, "सिस्टर, फळीवरनं पडलं ओ ह्ये. लाल लागलाय. बगा की काय झालंय." मी सवयीनं केसपेपर ओढला आणि विचारलं, "उलटी झाली का?" त्यानं हेल्मेटकडं बघितलं, मग माझ्याकडं. मामा अजून ही गोष्ट सांगतात.

खरोखर घालणारा एकच होता, बाळू. तो घालायचा कारण त्याला थंडी वाजायची.

आणि तोच पडला. भर दुपारी, रिकामे कॅन घेऊन परत जाताना एका मोटारीनं त्याला मागून उडवला. तो उठून बसला. लोक धावले. आपल्याकडे पडलेल्या माणसाला पहिल्यांदा काय देतात? पाणी. आणि पाणी आणायला भांडं कुठलं? हेल्मेट. कुणीतरी ते बाळूच्या डोक्यातून उपसून काढलं, शेतातल्या पाटात बुडवलं आणि भरून आणलं. अर्धं तोंडावर मारलं, अर्धं पाजलं. मग रिकामं हेल्मेट गाडीच्या हँडलला अडकवलं. बाळू रिक्षातून आमच्याकडे आला. गाडी आणि हेल्मेट मुद्देमाल म्हणून पोलीस चौकीत गेलं.

बाळू स्टुलावर बसून भांडत होता. "मला कायबी झालं न्हाय. सोडा मला. सांच्याच्या धारा काडायच्या हाईत." या वेळी मी सगळं विचारलं. उलटी नाही, बेशुद्धी नाही. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, "हेल्मेट होतं ना? मग जाऊ दे." तेव्हा डोक्याच्या आतलं चित्र काढणारं मशीन आमच्याकडे नव्हतं, शहरात पाठवावं लागायचं. पेशंट स्वतःच जातो म्हणत असताना कोण पाठवणार? मी मिस्त्रींच्या कारखान्यात फोन केला. अर्ध्या तासात ते सायकलनं चौकीवर पोचले.

पुढचं त्यांनीच मला सांगितलं. हवालदार म्हणाले, "मुद्देमाल हाय. हात लावायचा न्हाय."

"लावत न्हाय. फकस्त बगतो."

"बगायचं तर अर्ज करा."

मिस्त्रींनी अर्ज लिहिला. खोलीची किल्ली ज्याच्याकडे, तो कारकून कोर्टात गेलेला. मग मिस्त्री चौकीच्या मागे गेले, सायकलच्या कॅरिअरवर चढले आणि खिडकीच्या गजांतून आत बघितलं. तिथून समोरच्या पानपट्टीवर येऊन मला फोन.

"सिस्टर! हिरवा हाय! हिरवा! मी डोळ्यानं बगितलाय. सोडा त्याला, बिनघोर सोडा!"

त्यांचा इतका आनंदी आवाज मी दहा वर्षांत कधी ऐकला नव्हता. अशोक गेल्यापासून ज्या एका उत्तरासाठी हा माणूस झिजला, ते उत्तर त्याला गजांतून दिसलं होतं. मी हसतच बाळूकडे आले.

"सिस्टर, माझं कॅन कुठं हाईत?" बाळूनं विचारलं.

"गाडीबरोबर चौकीत." मी पेपरवर सही घ्यायला पेन काढलं.

"बरं. न्हाय पण, कॅन कुठं हाईत माझं?"

मी थांबले. फोनला जायच्या आधीसुद्धा त्यानं हेच विचारलं होतं. आणि तेव्हाही मी हेच सांगितलं होतं. वरून तो कसा? टकटकीत. मामांची थट्टा करत होता. एकीकडे हिरवा दिवा, आणि दुसरीकडे मिस्त्रींचंच ते वाक्य, बोलतोय म्हंजे बरा हाय असं नसतंय. दोन्ही एकाच माणसाचं. ऐकायचं कुणाचं?

मी बाळूची पँट पळवली. चिखलानं भरली म्हणून मघाशी ती काढून त्याला चादर दिली होती. ती मी उचलली आणि औषधांच्या कपाटात कुलूप लावून ठेवली. "धुवायला टाकलीय, वाळली की मिळेल."

बाळूनं दवाखाना डोक्यावर घेतला. "दूधवाल्याची चड्डी-पाटलोण चोरणारा दवाखाना बगा रं ह्यो!" डॉक्टरांनीही डोळे वटारले. दीड तास त्यानं मला जे ऐकवलं ते इथं लिहिता येणार नाही, नातवंडं वाचतात. मग त्याचे शब्द जरा लांबायला लागले. मग तो गप्प झाला आणि माझ्या बुटांवर ओकला. मी बॅटरी मारून डोळे बघितले. एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी होती.

त्यानंतर मात्र सगळे पळाले. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात त्याच रात्री ऑपरेशन झालं. बाळू वाचला, अजून आहे.

मिस्त्री संध्याकाळी आले ते पेढे घेऊन. कुणी त्यांना काही सांगितलं नव्हतं. रिकामं स्टूल बघून म्हणाले, "गेला न्हवं घरी?" मी सांगितलं. पेढ्यांचा पुडा त्यांच्या हातातच राहिला.

"हिरवा हुता, सिस्टर," ते म्हणाले. "मी डोळ्यानं बगितलाय."

हेल्मेट सुटायला काही महिने लागले. ते हातात आल्यावर त्यांनी माझ्या टेबलावरच उघडलं. आत पाटातला गाळ वाळून बसला होता.

"पानी शिरलं," गाळ नखानं खरवडत ते म्हणाले. "लाल लागला आसंलच. मग पान्यानं बॅटरी बसली, आन वाळल्यावर परत उठली. उठली ती समदं इसरून. हेल्मेटाच्याबी डोक्याला मार लागला की ओ." मग म्हणाले, "गोळ्या पडल्या असत्या तर परत वर चढल्या नसत्या."

लाइट लावा, हे कुणी म्हटलं होतं ते ते बोलले नाहीत. मीच बोलले. तर म्हणाले, "तुमी म्हणलासा, मी ऐकलं. दोगांची आपट."

मी समजूत काढायला गेले. "अहो, बाळू वाचला तो तुमच्याच वाक्यानं. मशीनपेक्षा वाक्य खरं ठरलं."

ते माझ्यावर भडकले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. "वाक्य डोक्यात घालून गाडी चालिवता येत न्हाय, सिस्टर! तुमी हुतासा म्हणून. तुमी नसताय तितं काय करायचं? माझा दिवा तर म्हणला सोडा!"

ते पुन्हा गोळ्यांकडे वळले. वाट्या रबरानं बंद करून बघितल्या. पण आता ऐकायला कुणी उरलं नव्हतं. प्राध्यापकांची बदली झाली, दूधवाल्यांनी हेल्मेटं परत आणून दिली, एकातून लसणाचा वास जाता जात नव्हता. मिस्त्रींचा कारखाना त्यांच्या पोरानं हातात घेतला. आणि एक दिवस मिस्त्री आमच्या कॅज्युअल्टीच्या बाहेरच्या बाकावर येऊन बसले.

दुचाकीवरून पडलेल्या कुणालाही डॉक्टरांनी 'जा' म्हटलं की मिस्त्री त्याला बाकावर अडवायचे. "सा वाजंपतूर बसा." आणि दर पंधरा मिनिटांनी विचारायचे, आज वार कुठला, सकाळी काय खाल्लंत, हितं कुणाबरोबर आलासा. लोक वैतागायचे. नव्या डॉक्टरांनी एकदा त्यांना बाहेर काढलं. ते तासाभरानं परत आले. मी म्हटलं, "मिस्त्री, चांगलं काम करताय." तर म्हणाले, "कसलं चांगलं? एक मानूस आन एक बाक. रस्तं किती हाईत कोल्हापूर जिल्ह्यात?"

माझ्या निवृत्तीच्या दिवशी दुपारी भाषणं झाली. मला अनुभवी, तत्पर आणि अचूक म्हणण्यात आलं. साडी आणि नारळ घेऊन मी बाहेर पडले. बाकावर कॉलेजातली एक मुलगी बसली होती, हनुवटीला पट्टी. स्कूटीवरून पडलेली. तिचे वडील हातात किल्ली नाचवत उभे.

"अहो काका, तुम्ही डॉक्टर आहात का?"

"न्हाय. टर्नर."

"मग आम्हाला कशाला बसवून ठेवलंय?"

"उभं का? तुमीबी बसा की."

मी जवळ जाऊन म्हटलं, "मिस्त्री, येते मी. आजचा शेवटचा दिवस."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. हात वर करून मला थांबवलं. त्यांची नजर मुलीच्या डोळ्यांवर होती. "आज मंगळवार न्हवं, बाळ?"

"बुधवार!" मुलगी ओरडली. "मघाशी पण मी बुधवारच सांगितलं होतं. त्याच्या आधी पण! तुम्हाला ऐकू येत नाही का? सकाळी पोहे खाल्ले, बाबांबरोबर आले, आणि आता मला घरी जायचंय!"

एकही शब्द न लांबवता, न अडखळता ती त्यांना झापत होती. मिस्त्री मान पुढे करून ऐकत राहिले. वडील शेवटी कंटाळून बसले.

साडेचार वाजले होते, सहाला अजून दीड तास होता. मी नारळ आणि साडी बाकाखाली ठेवली आणि मुलीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसले.